ओजेटीचे ४ क्रेडिट पदरात पडेपर्यंत: ऑफिस सहायकाच्या १२० तासांचा हिशेब

"सर, महिनाभर काम केलं, तरी फाईल परत का आली?" कॉलेजात ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एखाद्या कार्यालयात प्रत्यक्ष काम करत घ्यायचं प्रशिक्षण) समन्वयक म्हणून काम बघायला लागल्यापासून दर उन्हाळ्यात हा प्रश्न माझ्यासमोर येतो. विचारणारी मुलं कामचुकार नसतात. कुणी पतसंस्थेत सभासदांच्या नोटिसा काढलेल्या असतात, कुणी सरकारी कार्यालयात टपाल सांभाळलेलं असतं. अडतं ते कागदांच्या क्रमात. काम आधी मंजूर झालेलं हवं, कुणाच्या तरी देखरेखीखाली झालेलं हवं आणि रोजच्या रोज नोंदलेलं हवं. यातलं एक जरी राहिलं तरी १२० तास राबूनही गुणपत्रिकेत ओजेटीच्या रकान्यात शून्य येतं.

पुढचे टप्पे ऑफिस सहायक किंवा लिपिकाच्या कामाचं ओजेटी करणाऱ्यांसाठी आहेत. क्रम बदलू नका.

१. आधी आपला अभ्यासक्रम उघडा

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.ए., एम.कॉम.च्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या सत्रात ४ क्रेडिटचं ओजेटी किंवा फील्ड प्रोजेक्ट असतो. पदवीला ते तिसऱ्या वर्षात येतं. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यात इंटर्नशिपच्या १ क्रेडिटला ३० तास धरले आहेत. म्हणून ४ क्रेडिटला १२० तास.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढचं बघायचं राहून जातं. अंतर्गत गुण किती आणि तोंडी परीक्षेचे किती? अहवाल किती पानांचा? डायरीचा ठरलेला नमुना आहे का? जमा करायची शेवटची तारीख कोणती? ही उत्तरं विद्यापीठानुसार बदलतात. मावसबहीण दुसऱ्या विद्यापीठात शिकते आणि तिची फाईल चालली, म्हणून तुमचीही चालेल असं धरू नका. आपल्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून आपल्या विषयाचा, आपल्या सत्राचा अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि ओजेटीचं पान छापून फाईलच्या पहिल्या कप्प्यात ठेवा.

सावध: ओजेटी म्हणजे १९६१ च्या कायद्याखालची शिकाऊ उमेदवारी नव्हे. त्या कायद्यात विद्यावेतन बंधनकारक आहे, ओजेटीत ते ऑफिसच्या मर्जीवर आहे. राज्य सरकारची २०२४ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही वेगळी आहे. तिथलं रुजू पत्र आणून "हेच ओजेटी धरा" म्हटलं तर ते धरता येत नाही.

आधीच नोकरी करत असाल तर तीच नोकरी ओजेटीत चालेल का, हे अर्ज करायच्या आधी समन्वयकांना लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. काम झाल्यावर विचारलं की मार्ग उरत नाही.

२. जागा निवडताना

पतसंस्था, सीए किंवा वकिलांचं ऑफिस, पंचायत समिती, रुग्णालयाचं नोंदणी कार्यालय, एमआयडीसीतल्या कारखान्याचा प्रशासन विभाग, मोठ्या गृहनिर्माण संस्थेचं कार्यालय, यांपैकी काहीही चालतं. जागा मोठी असण्यापेक्षा तिथे रोज बाजूला बसून तुमचं काम तपासणारा माणूस असणं महत्त्वाचं. दहा टेबलांच्या कार्यालयात कुणीच लक्ष देत नसेल तर तुमच्या हाती झेरॉक्स काढायचं काम येतं. दोन माणसांच्या सीए ऑफिसात मात्र सीनियर क्लार्क पहिल्याच आठवड्यात पत्रव्यवहाराची अख्खी फाईल तुमच्या हातात देतो.

जागा पक्की करण्याआधी स्वतः जाऊन तीन गोष्टी विचारा: माझं काम रोज कोण तपासणार? त्यांची सही आणि कार्यालयाचा शिक्का मिळेल का? शेवटी लेटरहेडवर तासांसकट प्रमाणपत्र देणार का? तिन्हींना "हो" आलं तरच पुढे जा.

काळ बघूनही निवडा. मार्चअखेर हिशेबाचा काळ असतो. तेव्हा पतसंस्थेत किंवा लेखा विभागात नवख्या मुलाला शिकवायला कुणाला सवड नसते. एप्रिल-मे हा सरकारी बदल्यांचा हंगाम. माझ्या एका विद्यार्थ्याचे साहेब मधेच बदलून गेले आणि नव्या साहेबांनी "मी पाहिलेलं नाही, मी सही कशी करू" असं सांगितलं. त्यांचंही चूक नव्हतं. पण डायरीवर पहिल्या दोन आठवड्यांची एकही सही नव्हती, त्यामुळे ते दोन आठवडे गेले. सरकारी कार्यालय घेणार असाल तर टप्पा ६ मधला आठवड्याच्या सहीचा नियम काटेकोर पाळा.

काका, मामा, वडील यांच्याच ऑफिसात ओजेटी करू नका. काम खरं असलं तरी परीक्षकाच्या मनात पहिली शंका तिथेच येते, आणि ती खोडून काढायला तुमच्याकडे काही नसतं.

सावध: "पैसे भरा, घरबसल्या प्रमाणपत्र घ्या" असे संदेश मुलांच्या ग्रुपवर फिरतात. पैसे देऊन मिळणारं प्रमाणपत्र तोंडी परीक्षेत दोन प्रश्नांत उघडं पडतं. त्या वाटेला जाऊ नका.

मुलींना एक गोष्ट मी रुजू होण्याआधी आवर्जून सांगतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. त्याहून छोट्या ठिकाणासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. त्रास झाला तर तास पुरे करायची वाट बघत तिथे थांबू नका. त्याच दिवशी कॉलेजला कळवा. जागा बदलून देणं ही आमची जबाबदारी आहे.

३. कागद आधी, काम नंतर

सगळ्यात जास्त फाइली इथे अडकतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

पहिला कागद तुमचा अर्ज, समन्वयकांच्या नावे. त्यात कार्यालयाचं नाव-पत्ता, अपेक्षित तारखा आणि रोजचे तास. दुसरा कागद कॉलेजचं विनंतीपत्र, प्राचार्यांच्या सहीचं, जावक क्रमांक आणि तारीख घातलेलं. ते कार्यालयात आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. तिसरा कागद कार्यालयाचं संमतीपत्र, ज्यात तुमच्यावर देखरेख करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा आहे. चौथा कागद कॉलेजची मंजुरी आणि मार्गदर्शक शिक्षकांचं नाव. हे चारही हातात आले की पाचवा: रुजू अहवाल, पहिल्या दिवशी कार्यालयात देऊन त्याची प्रत कॉलेजला.

संमतीपत्राची तारीख विनंतीपत्राच्या नंतरची आणि रुजू व्हायची तारीख मंजुरीनंतरची असली पाहिजे. साधी गोष्ट वाटते, पण याच गोष्टीवरून मी एक अख्खी फाईल परत केली आहे. ती मुलगी परीक्षा संपताच ओळखीच्या पतसंस्थेत जाऊ लागली. काम उत्तम केलं होतं, व्यवस्थापकांनी फोनवर तिचं भरभरून कौतुक केलं. पण कॉलेजचं पत्र तिने मागितलं ते अठराव्या दिवशी. त्याआधीचे सतरा दिवस कुठल्याच मंजुरीत बसत नव्हते. तिला ते तास पुन्हा भरावे लागले. तिच्या डोळ्यांतलं पाणी मी विसरलेलो नाही, आणि हा लेख लिहायचं खरं कारण तेच आहे.

तपासा: पाचही कागदांवर तुमचं नाव एकसारखं आहे का? गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुधा शेवटी. लग्नानंतर नाव बदललेल्या विद्यार्थिनींचे कागद तर हमखास दोन नावांत विभागलेले असतात. सगळीकडे कॉलेजच्या नोंदीतलं नावच लिहा.

४. कामांची यादी लिहून घ्या

"प्रशासकीय कामात मदत" एवढंच संमतीपत्रावर असलं तर अहवालात लिहायला काही उरत नाही. पहिल्या आठवड्याच्या आत देखरेख करणाऱ्या मॅडमना किंवा साहेबांना भेटून सहा-सात कामं ठरवा आणि कागदावर त्यांची सही घ्या. ऑफिस सहायकाच्या पदाला शोभणारी कामं म्हणजे आवक-जावक नोंदवही, पत्राचा मसुदा आणि मराठी युनिकोड टंकलेखन, फाइलींची विषयवार लावणी, बैठकीची सूचना आणि इतिवृत्त (बैठकीत काय ठरलं त्याची नोंद), एक्सेलमधली यादी आणि त्यावरून मेल मर्ज (एकच पत्र यादीतल्या प्रत्येकाच्या नावाने आपोआप काढणं), किरकोळ खर्चाचं व्हाउचर, आलेल्यांची विचारपूस आणि फोन.

सगळी एकदम मिळणार नाहीत. पण यादी समोर असली की "साहेब, इतिवृत्त लिहायचं शिकायचं राहिलंय" असं म्हणायला जागा मिळते. यादी नसेल तर तीन आठवडे झेरॉक्समध्ये जातात.

५. पहिला दिवस

वेळेआधी पंधरा मिनिटं पोचा. रुजू अहवालावर पोच घ्या. हजेरीसाठी तुमचं स्वतंत्र पान कुठे असेल ते विचारा. कर्मचाऱ्यांच्या हजेरीपटावर परस्पर सही करू नका. संगणकाचा पासवर्ड दुसऱ्याचा वापरू नका. कुणाच्या फाइलीचा फोटो मोबाइलवर काढू नका.

कार्यालयात सगळ्यांत उपयोगी माणूस बहुधा शिपाई किंवा आवक-जावकचे भाऊसाहेब असतात. कुठला कागद कुठल्या टेबलावर जातो हे त्यांना तोंडपाठ असतं. पहिल्या दिवशी त्यांच्या शेजारी तासभर बसा.

६. डायरी आणि तास

राज्य सरकारच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. वेळ सकाळी ९.४५ ते संध्याकाळी ६.१५. जेवणाचा अर्धा तास वजा केला की दिवसाचे ८ तास होतात. म्हणजे पूर्णवेळ बसलात तर १५ दिवसांत १२० तास. रोज ४ तास दिलेत तर ३० दिवस. मी मुलांना १३० तासांचं नियोजन करायला सांगतो, कारण एखादा दिवस आजारपणात जातो आणि एखादा कार्यालय अचानक बंद असल्याने.

आता सर्रास होणारी चूक. डायरी शेवटच्या दोन दिवसांत बसून भरली जाते. मग १४ एप्रिलला "टपाल नोंदवलं", १ मेला "पत्र टाइप केलं" अशा नोंदी येतात. त्या दिवशी कार्यालयच बंद होतं. सरकारी कार्यालयाच्या डायरीत शनिवारचे तास सापडतात. असा एक दिवस सापडला की परीक्षक उरलेल्या सगळ्या दिवसांकडे संशयाने बघतो, आणि ते स्वाभाविक आहे.

डायरी रोज, कार्यालय सोडण्यापूर्वी भरा. पाच ओळी पुरतात, पण त्या खऱ्या हव्यात. वाईट नोंद अशी असते: "आज ऑफिसचं काम केलं. खूप शिकायला मिळालं."

चांगली नोंद अशी: "१०.०० ते १.३०, २.०० ते ५.००, एकूण साडेसहा तास. आवक टपाल २३ पत्रं नोंदवली. प्रत्येकावर आवकचा शिक्का, क्रमांक आणि तारीख घातली. नोंदवहीत कुणाकडून आलं, त्यांच्या पत्राचा क्रमांक व तारीख, विषय, कोणत्या टेबलाला दिलं हे रकाने भरले. एका पत्रासोबत ३ सहपत्रं लिहिली होती, प्रत्यक्षात २ निघाली. भाऊसाहेबांनी नोंदवहीत शेरा मारायला आणि पाठवणाऱ्याला लगेच कळवायला सांगितलं."

त्या शेवटच्या दोन वाक्यांत शिकणं दिसतं. सहपत्रं मोजायची असतात हे ज्याने कधी आवकला बसून पाहिलं नाही, त्याला सुचणारच नाही. चूक झाली तर तीही लिहा. एका मुलीने डायरीत लिहिलं होतं की तिने यादीत ०४/०५ अशी तारीख टाकली, संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची होती, आणि ४ मेच्या सभेच्या सूचना ५ एप्रिल म्हणून निघाल्या. छापण्याआधी एक प्रत वाचल्यामुळे ते लक्षात आलं, आणि तेव्हापासून ती महिना अक्षरात लिहिते. तोंडी परीक्षेत तिला सगळ्यात जास्त प्रश्न या नोंदीवरच विचारले गेले आणि तिने सगळ्यांची उत्तरं दिली.

नियम एकच: दर शुक्रवारी त्या आठवड्याच्या पानांवर देखरेख करणाऱ्यांची सही, तारखेसह. ते रजेवर असतील तर सोमवारी. महिनाअखेर एकदम वीस सह्या घेऊ नका. एकाच शाईत, एकाच दमात केलेल्या सह्या ओळखू येतात.

तपासा: दर आठवड्याला तासांची बेरीज पानाखाली लिहा. जेवणाची सुट्टी आणि येण्याजाण्याचा वेळ धरू नका.

७. शिक्षकांची भेट

मार्गदर्शक शिक्षक मधे एकदा येतात किंवा फोन करतात. निम्मे तास झाले की तुम्हीच त्यांना आठवण करा. त्या दिवशी यादीतली कोणती कामं झाली आणि कोणती राहिली हे दाखवा. काम बदलून हवं असेल तर सांगायची हीच वेळ. शिक्षकांनी बोललेलं कार्यालयात ऐकलं जातं. भेटीची नोंद डायरीत सहीसकट घ्यायला विसरू नका.

८. प्रमाणपत्र, तिथून निघण्याआधी

"अमुक यांनी आमच्याकडे एप्रिल महिन्यात समाधानकारक काम केले" हे प्रमाणपत्र छान दिसतं, पण क्रेडिटच्या कामाचं नाही. त्यावर सुरुवात आणि शेवटची तारीख, एकूण तास आकड्यात आणि अक्षरात, केलेल्या कामांचं स्वरूप, देखरेख करणाऱ्याचं नाव, हुद्दा, सही, जावक क्रमांक आणि वाचता येणारा गोल शिक्का असायला हवा. विद्यापीठाचा मूल्यमापनाचा नमुना असेल तर तो वेगळा भरून घ्या. तो पुष्कळदा बंद पाकिटात द्यायचा असतो.

मसुदा तुम्हीच टाइप करून तपासायला द्या, त्यांचा वेळ वाचतो. आणि हे काम शेवटच्या दिवशी सकाळी नको, तीन दिवस आधी.

तपासा: प्रमाणपत्रावरचे तास आणि डायरीतली बेरीज जुळते का? डायरीत ११६ आणि प्रमाणपत्रावर १२० असेल तर परीक्षक कमी आकडा धरतो. चार तास कमी पडत असतील तर अजून एक अर्धा दिवस बसा.

९. अहवाल

बहुतेक अहवालांची पहिली दहा पानं संस्थेच्या इतिहासाची असतात, संकेतस्थळावरून जशीच्या तशी घेतलेली. संस्थेची ओळख एका पानात संपवा. खरा अहवाल तुमच्या यादीतल्या प्रत्येक कामावर असतो: ते कार्यालयात कसं चालतं, तुम्ही काय केलं, कुठे अडलात, कसं सुटलं. आवकला आलेलं पत्र कोणकोणत्या टेबलांवरून फिरून जावकला पोचतं याची एक हाताने काढलेली आकृती दहा पानांच्या इतिहासापेक्षा जास्त गुण मिळवून देते.

सावध: खरी पत्रं, सभासदांच्या याद्या, आधार किंवा पॅनच्या प्रती अहवालाला जोडू नका. ती माणसं तुम्हाला ओळखत नाहीत आणि त्यांनी परवानगी दिलेली नाही. कोरा नमुना स्वतः तयार करून जोडा, किंवा कार्यालयाची लेखी परवानगी घेऊन नावं आणि क्रमांक पूर्ण झाकून प्रत लावा. नुसती काळ्या पेनाची रेघ पुरत नाही, उजेडात धरलं की खालचं वाचता येतं. रेघ मारलेल्या प्रतीची पुन्हा झेरॉक्स काढा.

१०. तोंडी परीक्षा आणि क्रेडिटची नोंद

तोंडीला डायरी उघडून कुठलंही पान काढतात आणि विचारतात. "इतिवृत्तात काय काय लिहितात?" या प्रश्नावर पुस्तकी व्याख्या सांगू नका. उपस्थिती, घेतलेला निर्णय, तो कोणी अमलात आणायचा आणि कधीपर्यंत, एवढं आपल्या अनुभवातल्या एका बैठकीवरून सांगा. जे काम मिळालं नाही त्याबद्दल "ते करायला मिळालं नाही" असं सरळ सांगा. त्याने गुण जात नाहीत. खोटं सांगितलं तर पुढच्याच प्रश्नाला अडचण होते.

गुण लागले की काम संपलं असं समजून मुलं निघून जातात. अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (एबीसी, म्हणजे विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा होणारं ऑनलाइन खातं) नोंद विद्यापीठ करतं, विद्यार्थ्याला स्वतः भरता येत नाही. पण त्यासाठी तुमचा एबीसी आयडी परीक्षा अर्जावर बरोबर असावा लागतो. तो १२ अंकी असतो, डिजिलॉकरवर काढता येतो, आणि टप्पा ३ मधला नावाचा घोळ इथेच आडवा येतो. निकालानंतर काही आठवड्यांनी डिजिलॉकर उघडून ओजेटीचे ४ क्रेडिट दिसतात का ते बघा.

दिसत नसतील तर आधी गुणपत्रिका बघा. तिथेही नसतील, तर कॉलेजने गुण पाठवले का हे समन्वयकांना विचारा. गुणपत्रिकेत आहेत पण एबीसीत नाहीत, तर गुणपत्रिकेची प्रत, एबीसी आयडी आणि अर्ज कॉलेजच्या परीक्षा विभागात द्या आणि पोच घ्या. पाच कागदांची ती फाईल पदवी प्रमाणपत्र हाती येईपर्यंत रद्दीत घालू नका.